पडताळणीचा फोन

त्याच्या आत्याला ऐकू कमी येत असे, म्हणून घरात तो सगळं ओरडून बोलायचा. "जेवलीस का?" हेही ओरडून आणि "औषध घेतलंस का?" हेही ओरडून. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दोघंच राहत, आणि आत्याच्या पोटदुखीची खबर तळमजल्यापर्यंत सगळ्यांना असे. ऑफिसात मात्र त्याचं काम हळू आवाजात बोलण्याचं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन.

एकदा शेजारणीने आत्याच्या डोक्यात भरवलं, की तुमचा भाचा सावकारीच्या धंद्यात आहे. संध्याकाळी तो घरी आला तर आत्या हाताची घडी घालून बसलेली.

"व्याजबट्टा करतोस म्हणे?"

"मी नाही, कंपनी करते."

"काय?"

"कंपनी करते!"

"कोणाला लुबाडता?"

त्याने पिशवी खाली ठेवली, खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि घसा साफ केला. "असं समज, तू पडदे शिवतेस."

"माझे डोळे कुठे राहिलेत शिवायला?"

"समज गं! तू पडदे शिवलेस आणि एका मोठ्या हॉटेलला दिलेस, ज्यात लोक मुक्कामाला उतरतात तसल्या. बिल लावलंस. हॉटेल म्हणतं, पैसे तीन महिन्यांनी. इकडे कापडवाला तुझ्या दारात उभा. मग तू ते बिल आमच्याकडे आणायचं. आम्ही त्यातले बरेचसे पैसे लगेच देतो. हॉटेलचे पैसे आले की आमचे आम्ही वळते करून घेतो, वर व्याज."

"आणि व्याज किती घेता? माझं तोंड बघून?"

"तुझं नाही, हॉटेलचं! पैसे हॉटेलच देणार ना? ते वेळेवर देतं का, रखडवतं का, मालात खोट काढून बिल कापतं का, हे आधी बघायचं. हॉटेल सरळ असेल तर तुला व्याज कमी. हॉटेल रडवणारं असेल तर तुला जास्त."

आत्याने थोडा विचार केला. "म्हणजे नवरा उधळ्या, म्हणून वाणी बायकोला उधार देत नाही, तसं."

"अगदी तसं!"

"आणि हॉटेलनं पैसे बुडवले तर?"

"तर ते तू आम्हाला परत करायचे!"

"हात्तिच्या! मग तुमची जोखीम ती कसली?"

त्याने पिशवी उचलली आणि तो हातपाय धुवायला गेला. खालच्या मजल्यावर कोणीतरी हसल्याचं मात्र त्याला स्पष्ट ऐकू आलं.

दर तो ठरवत नसे. दर कॉम्प्युटर काढायचा. ग्राहकाने मागची बिलं किती उशिरा भागवली, पुरवठादार एकाच गिऱ्हाइकावर किती अवलंबून आहे, बिलाची मुदत किती लांब आहे, असं सगळं आत घातलं की बाहेर एक आकडा पडे. फक्त एक रकाना माणसाचा होता, आणि तो त्याचा. ग्राहकाच्या ऑफिसात फोन करून विचारायचं: बिल खरं आहे ना? माल पोचला ना? काही तक्रार नाही ना? पैसे कधी देणार? उत्तर चांगलं आलं की आकडा थोडा खाली यायचा, नाही आलं की वर चढायचा.

काम सोपं वाटतं, पण मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात फोन करून बघावा. आधी फोनवर वाजत राहणारी धून. मग "साहेब जागेवर नाहीत." मग "सोमवारी करा." सोमवारी केला की "आज सोमवार आहे हो, आज कुठे वेळ असतो?" लोकांना शिव्या देणं त्याच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्याचं जेवण कमी झालं होतं आणि चहा वाढला होता.

त्या हॉटेलच्या हिशेब विभागातल्या बाईंशी त्याचं पहिलं बोलणं झालं ते पडदेवालीच्याच बिलावरून. आत्याला दिलेलं उदाहरण हवेतलं नव्हतं. पडदेवाली खरीच होती, एक ठसकेबाज बाई. घरामागच्या शेडमध्ये शिलाईची मशीनं टाकून तिने पाच-सहा जणींना काम दिलं होतं, आणि तिची जवळजवळ सगळी बिलं त्या एका हॉटेलवर असत. कॉम्प्युटरला हे मुळीच आवडत नसे. तिचा दर पाहून तो स्वतःच कळवळायचा.

त्याने फोन लावला, नेहमीची ओळ म्हटली, "हा संवाद नोंदवला जात आहे."

"नोंदवू दे," पलीकडून आवाज आला. "आपण काय चोरी करतोय? बोला, कोणतं बिल?"

त्याने क्रमांक सांगितला. "थांबा हं, काढते," म्हणून तिने फोन टेबलावर ठेवला. कपाट उघडल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा आला, आणि मधूनच हलकीशी गुणगुण. कुठलं गाणं ते त्याला ओळखता आलं नाही. फोन हातात धरून तो ऐकत राहिला.

"सापडलं. माल पोचलाय. दोन पडदे आखूड होते, ते त्यांनी बदलून दिले, आता तक्रार नाही. पैसे वीस तारखेला. वीस तारखेला, लिहिलंत?"

तारीख ती नेहमी दोनदा सांगायची, हे त्याला पुढे कळलं. आणि तिने सांगितलेल्या तारखेला पैसे यायचे म्हणजे यायचेच. वर्षभरात कॉम्प्युटरमधली त्या हॉटेलची पतश्रेणी दोन पायऱ्या वर चढली आणि पडदेवालीचा दर उतरला. पडदेवालीने कंपनीत फोन करून सांगितलं, "तुमच्या त्या मशीनला माझा नमस्कार सांगा." त्याला वाटलं, नमस्कार वेगळ्याच पत्त्यावर जायला हवा.

आधी तो तिला मॅडम म्हणायचा. एकदा ती म्हणाली, "मॅडम नका म्हणू हो. मॅडम म्हटलं की मी खाली बघते, पायात उंच टाचा आहेत की काय म्हणून." मग तो तिला बाई म्हणू लागला आणि ती त्याला पडताळणी. "बोला पडताळणी, आज कोणाचं लग्न जमवायचंय?" असं विचारायची.

हॉटेलला साबण पुरवणारा होता, गाद्यावाला होता, टॉवेलवाला होता. ही सगळी बिलं हळूहळू त्याच्याच टेबलावर येऊ लागली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणायचा, "हॉटेल तुझं. आम्ही काही त्या वाटेला जात नाही बाबा." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. ज्या आठवड्यात त्या हॉटेलचं एकही बिल येत नसे, त्या आठवड्यात त्याला ताटात मीठ नसल्यासारखं वाटे. तिला फोन करायच्या दिवशी तो नीट इस्त्री केलेला शर्ट घालू लागला. फोनवर शर्ट दिसत नाही, हे त्यालाही कळत होतं.

त्याचं वय अठ्ठेचाळीस. लग्न राहून गेलं होतं. आधी वडिलांचं आजारपण, मग नोकरीची धरसोड, मग आत्या. लोक म्हणत, "करायचं होतं तेव्हा केलं नाही." पण करायचं नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या गडबडीत त्याचा नंबर मागे मागे जात राहिला, एवढंच.

तिच्याबद्दल त्याला थोडंच माहीत होतं, आणि जे होतं ते त्याने जपून ठेवलं होतं. धाकट्या बहिणीच्या घरी ती राहत होती. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. हे तिने "आमचं बिल वादात गेलं" एवढ्याच शब्दांत सांगितलं होतं. तिच्या टेबलाजवळची खिडकी हॉटेलच्या मागच्या अंगणात उघडायची. तिथे धुतलेल्या चादरी वाळत घातलेल्या असत. वारा सुटला की त्या सगळ्या एकदम फुगतात आणि मला काम सोडून बघत बसावंसं वाटतं, असं ती एकदा म्हणाली होती. तेव्हापासून स्वतःच्या खिडकीतून समोरची भिंत बघताना त्याला चादरी दिसायच्या.

"तुम्ही इकडे कधी येत नाही का?" तिने एकदा विचारलं.

"कामच पडत नाही."

"काम पडत नसतं, काढायचं असतं." मग जरा थांबून, "आलात तर चहा पाजीन. ऑफिसातला नाही, घरचा."

ते शहर बसने अर्ध्या दिवसावर होतं. त्याने रजेचा विचार केला. आत्याकडे कोण बघणार याचाही विचार केला. शेजारीण बघेल म्हणाली. मग त्याने आणखी विचार केला. जाऊन म्हणायचं काय? मी तुमच्या बिलांसाठी आलो? खरं ते फोनवर सांगायचं तर रेकॉर्डिंग चालू असतं, आणि रेकॉर्डिंग नसतं तर त्याला दुसरं कारण सापडलं असतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. तो गेला नाही. पण त्या चहाची आठवण त्याला वरचेवर व्हायची, न प्यालेल्या चहाची.

तिसऱ्या वर्षी हॉटेलने नवी इमारत बांधायला घेतली. पडदेवालीला तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी ऑर्डर मिळाली. पहिल्या खेपेचं बिल आलं, आणि सोबत तिची मागणी, की दुसऱ्या खेपेच्या कापडासाठीही उचल हवी.

त्याने फोन लावला. नेहमीची ओळ म्हटली. "नोंदवू दे" आलं नाही.

"बाई, पडदेवालीचं बिल आहे. नव्या इमारतीचं."

"हो. माल पोचलाय. बरोबर आहे."

कपाट उघडलं नाही. कागद चाळले गेले नाहीत. बिल बहुतेक समोरच असावं.

"तक्रार काही?"

"पडद्यांबद्दल काय तक्रार असणार? उत्तम शिवलेत."

"पैसे कधी?"

पलीकडे लांबवर लिफ्टची घंटी वाजली.

"लिहा, ठरल्याप्रमाणे."

"तारीख, बाई?"

"ठरल्याप्रमाणे लिहा ना." आवाज दबलेला. मग एकदम, घाईने, "पडताळणी, त्या पडदेवाल्या बाईंना सांगा, पुढच्या खेपेचं कापड जरा बेतानं घ्या म्हणावं." आणि फोन ठेवला गेला.

तो कितीतरी वेळ रकान्याकडे बघत बसला. मान्य लिहावं, तर पडदेवाली दुप्पट पैसे उचलेल, कापड भरेल, आणि हॉटेल बसलं तर ते सगळं ओझं तिच्या शेडवर येईल. शंका लिहावी, तर कोणीतरी विचारणार, शंका कशावरून? मग ते रेकॉर्डिंग ऐकलं जाणार. पगार हॉटेलचा खाऊन बाईने बाहेरच्या माणसाला सावध केलं होतं, आणि ते वाक्य नोंदवलं गेलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी त्याने लिहिलं, "पैसे वेळेवर येण्याबद्दल शंका." कारणाची जागा कोरी सोडली.

दुपारी जोखीम विभागाच्या मॅडमनी बोलावलं. त्या त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या, हुशार होत्या आणि कमी बोलत.

"शंका कशावरून?"

"आवाजावरून."

"आवाजाला आपल्याकडे रकाना नाही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "बसा. मी ऐकते."

त्यांनी कानाला हेडफोन लावले. ते संभाषण ऐकलं. मग म्हणाल्या, "आधीची पण ऐकते, फरक कळायला हवा." आणि त्यांनी मागचं एक काढलं, त्यामागचं काढलं, आणखी मागचं. तो समोर बसून फरशीकडे बघत होता. कानात काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र थोडं थोडं उमटत होतं. एका ठिकाणी त्या हसल्या. एका ठिकाणी त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली. त्याचे कान तापले. आपलं कपाट कोणीतरी उघडलंय आणि आत फक्त इस्त्रीचे शर्ट आहेत, असं त्याला झालं.

मॅडमनी हेडफोन काढले. "दर वेळी तारीख सांगतात, आणि दोनदा सांगतात. या वेळी एकदाही नाही. बरोबर आहे तुमचं." त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. "आणि हे बघा. गाद्यावाल्याचे पैसे पाच दिवस उशिरा, साबणवाल्याचे नऊ. मशीनलाही वास आलाय, फक्त ते अजून बोललं नाहीये. हॉटेलची श्रेणी खाली घेते. पडदेवालीच्या दुसऱ्या खेपेला उचल नाही."

"मॅडम, ते शेवटचं वाक्य..."

"कोणतं वाक्य?" मॅडमनी विचारलं. "मी कारण लिहिलंय, उशीर वाढत चाललाय. एवढं पुरे आहे. बाकी मी काही ऐकलं नाही."

पडदेवालीचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. तिने त्याला धारेवर धरलं.

"माझा दर वाढवलात? आणि पुढची उचल बंद? मी एक दिवस तरी कधी उशीर केलाय का?"

"तुमचं काही चुकलेलं नाही."

"मग माझ्या मानेवर सुरी कशाला? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, दर तुमचा नसतो, हॉटेलचा असतो. तो वाढलाय म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. दुसऱ्या खेपेचं कापड घेण्याआधी थोडं थांबा. माझं ऐका."

पडदेवाली धंद्यात मुरलेली होती. "बरं," एवढंच म्हणाली, पण तिने ऐकलं.

पुढच्या आठवड्यात साबणवाल्याचं बिल आलं. त्याने शर्ट ठीक केला आणि फोन लावला. पलीकडे एक पुरुषी आवाज होता. "हो हो, सगळं वेळेवर होईल. मान्य लिहा."

"तिथे आधी एक बाई होत्या..."

"त्या आता इथे नसतात."

"कुठे असतात?"

"साबणाच्या बिलाचंच काम होतं ना आपलं?"

त्याने फोन ठेवला. समोर भिंत होती, रोजचीच.

मग जे दिवस आले, ते बाहेरून बघणाऱ्याला नेहमीसारखेच दिसले असते. तो वेळेवर येत होता, फोन करत होता, रकाने भरत होता. घरी आत्याने विचारलं, "तुझं कोणी गेलं का रे?" तो ओरडला, "नाही!" खालचा मजलाही गप्प झाला. काही बोलायचं होतं, पण ते ओरडून कसं सांगणार? ज्या आवाजात ते बोलता आलं असतं, तो आवाज आत्यापर्यंत पोचत नव्हता.

तिचा स्वतःचा नंबर त्याच्याकडे नव्हता. कधी मागितला नव्हता. हॉटेलचा नंबर होता ना, रोजचा. त्यात आणखी काय मागायचं, असं वाटायचं. आता रस्त्यात कोणी गुणगुणत गेलं तरी तो वळून बघे. मग लक्षात येई, की ती समोरून चालत गेली तरी आपल्याला ओळखता येणार नाही. उंच की बुटकी, केस पांढरे की काळे, काहीच माहीत नव्हतं. तिने तोंड उघडलं असतं तरच कळलं असतं.

हॉटेलने पैसे थकवल्याची बातमी महिन्याभरात बाजारात झाली. नव्या इमारतीचं काम थांबलं. पडदेवाली काही कागदांवर सह्या करायला कंपनीत आली, तेव्हा मुद्दाम त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. फोनवरून त्याला वाटलं होतं तशी ती धिप्पाड मुळीच नव्हती. एवढीशी होती.

"तुम्ही थांबवलंत म्हणून वाचले," ती म्हणाली. "पहिल्या खेपेचे फेडायला लागतील ते हप्त्यानं फेडीन. दुसरं कापड भरलं असतं तर मशीनं विकावी लागली असती."

"मी नाही. त्या हिशेबातल्या बाईंनी निरोप दिला होता."

पडदेवाली त्याच्याकडे बघत राहिली. "तरीच! माल द्यायला गेले की चहाला घरी घेऊन जायच्या मला. बहिणीचं घर हॉटेलच्या मागच्याच गल्लीत आहे, पाव भाजणाऱ्याच्या वर." मग तिने आवाज खाली केला. "तुमच्याबद्दल विचारायच्या. मी म्हटलं, मी कुठे बघितलंय त्यांना?"

बाई दिसतात कशा, हे विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने विचारलं नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

या वेळी त्याने विचार केला नाही. रजेचा अर्ज टाकला, आत्याला शेजारणीच्या हवाली केलं आणि सकाळची पहिली बस धरली.

हॉटेल त्याने लांबूनच बघितलं. नव्या इमारतीच्या खिडक्यांना पडदे होते, आत दिवे नव्हते. मागच्या गल्लीत भाजलेल्या पावाचा वास भरलेला. जिना अरुंद होता. वरच्या मजल्यावर दार उघडलं ते एका चाळिशीच्या बाईने, हाताला पीठ लागलेलं.

"मी... एका कंपनीतून आलोय. बिलांच्या पडताळणीसाठी फोन करायचो. तुमच्या बहिणीला."

तिने हात पदराला पुसला. "तुम्हीच पडताळणी?"

तिने ते अशा सुरात म्हटलं, की या घरात तो शब्द पुष्कळदा बोलला गेला असावा. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत या ना. ताई नाहीये."

त्याने चहा नको म्हटलं तरी तिने ठेवलाच. चहा उकळेपर्यंत तिने सगळं सांगितलं. साहेबांनी हिशेब विभागातल्या सगळ्यांना बजावलं होतं, की बाहेरून कोणाचाही फोन आला तरी पैसे वेळेवर मिळतील असंच सांगायचं. ताई म्हणाली, मला माल आला म्हणून सांगता येतं, पैसे येतील म्हणून सांगता येत नाही, कारण ते येणार नाहीत. त्याच दिवशी तिने राजीनामा दिला. मग जहाजाने माल पाठवणाऱ्या एका कंपनीत तिला जागा मिळाली, समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशात. दोन वर्षांचा करार. पगार चांगला होता, आणि बहिणीच्या मुलीचं शिक्षण तोंडावर आलेलं.

"जाऊन वीस दिवस झाले," बहीण म्हणाली. "जायच्या आधी रोज म्हणायची, तुमच्या कंपनीत फोन करू का? मी म्हटलं, कर ना. तर म्हणाली, कोणतं बिल म्हणून सांगू?"

चहा त्याच्यासमोर आला. कप भरलेला होता. तो प्यायला. चव त्याला कळली नाही.

बहिणीने नंबर दिला. खाली उतरून तो गल्लीच्या टोकाला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला. लोक कामावरून परतत होते. हातात ना बिल होतं, ना क्रमांक, ना रकाना. आयुष्यात इतके फोन केले, पण काय बोलायचं हे माहीत नसताना केलेला हा पहिलाच.

"हॅलो?"

तोच आवाज. मागे लिफ्टची घंटी नव्हती, दुसरेच काही आवाज होते, मोठ्या यंत्रांचे.

"पडताळणी बोलतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, एक दार लागल्याचा, आणि यंत्रं बंद झाल्यासारखी शांतता.

"कुठून बोलताय?"

"तुमच्या गल्लीतून. आत्ताच घरी चहा घेतला."

"अगंबाई." मग, "धाकटी साखर फार घालते."

"हो."

"मी केला असता तर..." ती थांबली. "मी सही करून आले हो. दोन वर्षांची. आधी नाही का यायचं?"

"यायचं होतं."

"मलाही वाटायचं, आज येतील. खाली मागच्या अंगणात कोणी अनोळखी माणूस आला की खिडकीतून बघायचे. कसे दिसता हे माहीत नाही, तरी बघायचे."

त्याने फोन दुसऱ्या कानाला धरला. हा संवाद कोणी नोंदवत नव्हतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं. तरीसुद्धा जे म्हणायचं होतं त्यातलं फारसं कोणी म्हणालं नाही. शेवटी ती म्हणाली, "रविवारी मला सुट्टी असते." तो म्हणाला, "मलाही."

पुढे हॉटेल दुसऱ्या कोणी विकत घेतलं. त्याने सगळ्यांची देणी निम्म्यावर मिटवली. पडदेवालीचे हप्ते फिटले. आता ती एका नाट्यगृहाचे आणि दोन शाळांचे पडदे शिवते. गिऱ्हाइकं तीन झाल्यामुळे मशीनने तिचा दर आपणहून खाली आणला, आणि हे ती भेटेल त्याला सांगते. जोखीम विभागाच्या मॅडमनी पडताळणीत नवा रकाना घातला, "ग्राहकाने तारीख स्पष्ट सांगितली का?"

दोन वर्षं झाली, तेव्हा भाचीची शेवटची परीक्षा राहिली होती, म्हणून तिने करार आणखी एका वर्षाने वाढवला. त्याला सांगताना तिचा आवाज खाली गेला. तो म्हणाला, "बरोबर केलंत," आणि ते खोटं नव्हतं. मात्र त्या संध्याकाळी तो नेहमीच्या बस थांब्यावर न उतरता पार शेवटच्या थांब्यापर्यंत गेला आणि तिथून चालत घरी आला.

फोटो पाठवू का, असं त्याने एकदा विचारलं होतं. ती नको म्हणाली. "एवढे दिवस थांबलोय, आता एकदमच बघू." तेव्हापासून तो आरशात जरा जास्त वेळ बघतो. केस पुढून विरळ व्हायला लागलेत.

रविवारी सकाळी आत्या झोपलेली असताना तो गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. कधी लाइन चांगली लागते, कधी नाही. आवाजाला समुद्र ओलांडायला वेळ लागतो, त्यामुळे पुष्कळदा दोघं एकाच वेळी बोलायला लागतात आणि एकाच वेळी थांबतात.

"बोला ना," ती म्हणते.

"नाही, तुम्ही बोला."

आणि मग दोघंही, दुसऱ्याने आधी बोलावं म्हणून, फोन कानाला घट्ट लावून थांबून राहतात.